उत्तमरावांचा उघडा टोस्ट

टोस्टाला डाव्या बाजूने बोटभर समास सोडावा लागतो, हे मला लॉ कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते मी अंबडच्या कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडखाली, उत्तमराव टायपिस्टांकडून शिकले. आता जालन्याच्या घरी सुटीच्या दुपारी मी टोस्ट करते तेव्हा मुलगी विचारते, "मम्मी, या बाजूला भाजी लावायची विसरलीस का?" मी सांगते, तिथे धरायचं असतं. भाजीत बोटं घालून टोस्ट उचलणाऱ्या माणसाबद्दल उत्तमरावांचं मत फार वाईट होतं, आणि त्यांच्यामुळे आता माझंही आहे.

उत्तमराव म्हणजे कोर्टाबाहेरचे शेवटचे मशीनवाले. बाकीच्यांनी कधीच संगणक घेतले होते. त्यांच्या टेबलापुढे रांगा असायच्या, आणि उत्तमराव आपल्या काळ्या मराठी टाइपरायटरमागे ताठ बसलेले असायचे. पांढरा शर्ट, पायजमा, कानावर पेन्सिल आणि एका बाजूने दोऱ्याने बांधलेला चष्मा. लाइट गेली की सगळी रांग मुकाट त्यांच्याकडे वळायची. ते वर बघून एवढंच विचारायचे, "आठवण झाली का?" आणि कागद चढवायचे.

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी सगळे वकील त्यांना टरकून असत. शपथपत्र टाइप झालं की ज्याचं आहे त्याला ते मोठ्याने वाचून दाखवायचे. अख्खं. वकिलाला घाई असो, पुकारा झालेला असो, वाचल्याशिवाय कागद मशीनमधून सुटायचा नाही. "ज्याची सही त्याच्या कानावर गेलं पाह्यजे," ते म्हणत. "न्हाई तं ते शपथपत्र कशाचं? ते तं वकिलाचं मनोगत झालं."

माझ्या पहिल्याच वर्षी मी दोन भावांच्या विहिरीच्या वादात थोरल्यातर्फे शपथपत्र तयार केलं होतं. भाषा मोठी कडक वापरली होती. प्रतिवादीने वादीस आजतागायत पाण्याचा थेंबही मिळू दिलेला नाही, वगैरे. उत्तमरावांनी ते खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. धाकटा भाऊ त्याच बाकावर, थोरल्याला खेटून बसला होता, कारण दोघं एकाच मोटरसायकलवर आले होते. थेंबाचं वाक्य आलं तसा तो म्हणाला, "दादा, परवा रात्रपाळीचं पाणी कोन दिल्तं?" थोरला खाली बघून म्हणाला, "हाव, परवा दिल्तं. ते बी लिवा." उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं. मग त्याच्या आधीच्या आठवड्यातलंही निघालं, गेल्या उन्हाळ्यातलंही निघालं, आणि तासाभराने माझी केसच शिल्लक राहिली नाही. दोघं भाऊ चहा पिऊन आले तसेच मोटरसायकलवर बसून गेले. मला रडू येत होतं. उत्तमराव म्हणाले, "वकीलबाई, दोन वाजले. टोस्ट खाता का?"

अशी आमची ओळख झाली.

दोन वाजता कोर्टाची मधली सुटी झाली की शेडखाली डबे उघडत. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, सगळ्यांचा वास एकत्र व्हायचा. उत्तमराव मात्र मशीनवर कापड टाकून शेजारच्या गफूरभाईंच्या चहाच्या गाड्यावर जात. दूध आणि चहा उजव्या शेगडीवर आणि डावी शेगडी दोन ते अडीच उत्तमरावांची, असा दोघांचा तोंडी करार होता. पावही गफूरभाईंचाच. ते त्याला डबलरोटी म्हणत, म्हणून उत्तमरावही डबलरोटीच म्हणत.

सकाळी आल्या आल्या त्यांनी शेडच्या खिळ्याला स्वच्छ फडक्यात दही टांगलेलं असायचं. दुपारपर्यंत त्याचा घट्ट चक्का व्हायचा. डबलरोटीचा जाडसर तुकडा तव्यावर थेंबभर तेलात दोन्हीकडून खरपूस करायचा, त्यावर घरची जवसाची चटणी पसरायची, तिच्यावर चक्का आणि चक्क्यावर भाजी. भाजी कोणती, हे उत्तमराव ठरवत नसत. "आज बोर्डावर कोन हाय ते बघावं लागंल," असं कोर्टाच्या दिवसाच्या केसयादीबद्दल बोलावं तसं म्हणत ते बाजारात जात आणि ज्या भाजीचा मोसम असेल तीच आणत. उन्हाळ्यात काकडी आणि कैरीचा कीस, पावसाळा सरताना वाळकाच्या चकत्या, थंडीत कोवळी मेथी आणि तव्यावर परतलेले हिरव्या हरभऱ्याचे दाणे. एकदा मे महिन्यात मी कौतुकाने फ्लॉवर नेला. त्यांनी तो हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला आणि परत दिला. "मुदतीबाहेर हाय," ते म्हणाले.

आणि डाव्या बाजूला समास. कोर्टाच्या कागदाला सोडतात तसा. तिथे चटणी नाही, चक्का नाही, काही नाही. भाजीची फोड त्या रेषेच्या अलीकडे आली तर ते सुरीच्या टोकाने तिला मागे सारत. वर दुसरा तुकडा ठेवून त्याचं सँडविच करावं, असं गफूरभाईंनी एकदा सुचवलं होतं. उत्तमराव चांगलेच तापले. "झाकायचं कशाला? जे खाऊन राह्यलो ते दिसलं पाह्यजे का न्हाई? डबलरोटीवर डबलरोटी ठिवली की मंग आत काय हाय ते कोन पाह्यलं? कोऱ्या कागदावर सही केल्यावानी!" गफूरभाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आमचं घर जैन. पणजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले, पण नियम तिकडचे राहिले. जमिनीखालचं काही चालत नाही आणि अष्टमी-चौदसला हिरवी भाजी नाही. हे मी उत्तमरावांना एकदाच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कॅलेंडरवर, केसच्या तारखांच्या शेजारी, माझ्या तिथ्यांना पेन्सिलीने गोल झालेले होते. त्या दिवशी माझ्या टोस्टावर वाटलेली मुगाची डाळ यायची. तव्याची गाड्याच्या चाकाकडची बाजू माझी, तिथे कांदा कधी टेकला नाही. माझी सुरी वेगळी. सासूबाईंना मी हे कधी सांगितलं नाही, कारण गाड्यावरचा पाव हा शब्द ऐकूनच त्यांनी मला घरी बसवलं असतं. एवढ्या उघड्या टोस्टाची गोष्ट मी घरी अशी झाकून ठेवली होती, आणि झाकते आहे हे उत्तमरावांपासूनही झाकलं होतं.

त्यांच्या घरी मात्र सगळं उघड होतं आणि तीच पंचाईत होती.

उत्तमरावांचं गाव तीर्थपुरीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. सकाळी सातची एकच बस, संध्याकाळी तीच परत. घरी बायको कौसाबाई, थोडी शेती, एक म्हैस. लेक भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईला दिलेली. लग्न झाल्यापासून उत्तमराव कौसाबाईंच्या हातची भाकरी डब्यात आणत आले होते, आणि मी कोर्टात येण्याच्या थोडं आधी एक दिवस त्यांनी घरी जाहीर केलं होतं की उद्यापासून डबा नको, मी तिकडं टोस्ट खात जाईन. कारण काही सांगितलं नाही. कौसाबाईंच्या भाकरीचं गावात नाव होतं. कुणाच्या घरी कार्य असलं की भाकरी थापायच्या बायकांत पहिला पाट त्यांचा. त्या बाईला नवऱ्याने पावासाठी भाकर नाकारली. त्यांनी ते मनाला लावून घेतलं.

तरीही गोष्ट घरातच राहिली असती. पण उत्तमरावांना एकदा बुद्धी सुचली की कौसाबाईंनाही टोस्ट करून घालावा, म्हणजे राग जाईल. त्यांनी एका शनिवारी गफूरभाईंकडून दोन मोठ्या डबलरोट्या घेतल्या आणि मांडीवर ठेवून बसमध्ये बसले.

आता आमच्याकडे खेड्यात पाव कधी घरी येतो? कुणी आजारी पडलं तर. ताप असला, भाकर जात नसली, की दुधात कुस्करायला पाव आणतात, आणि आजाऱ्याला भेटायला जातानाही पावाचा पुडाच नेतात. उत्तमरावांच्या मांडीवर एक नव्हे, दोन पुडे होते आणि ते कधी नव्हे ते गप्प बसले होते, कारण मनात भाजीचा विचार चालला होता. बसमधल्या माणसांनी काय समजायचं ते समजून घेतलं. कुणी तोंडावर विचारलं नाही. अशा गोष्टी विचारत नाहीत. कंडक्टरने उतरताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बसमधली माणसं पाणंदीने त्यांच्या आधी गावात पोचली. उत्तमराव घरी आले तर अंगणात अकरा माणसं खाली मान घालून बसलेली आणि ओट्यावर पावाच्या पुड्यांचा ढीग. उत्तमरावांना वाटलं, आपण नसताना कौसाबाईला काहीतरी झालं. ते मटकन खाली बसले, ते बघून एका म्हातारीने गळा काढला. तेवढ्यात मागून कौसाबाई आल्या. डोक्यावर कडब्याचा भारा, हातात विळा, शेतातून ताडताड चालत. अंगणातली गर्दी बघून त्यांनी भारा खाली टाकला आणि विचारलं, "कोन गेलं?"

पुढचं उत्तमरावांनी मला हसत हसत सांगितलं नाही. त्या दिवसापासून कौसाबाई नवऱ्याशी थेट बोलेनाशा झाल्या. जे बोलायचं ते म्हशीला सांगायच्या. "सांग त्यांला, गिरणीत दळण ठिवलंय." म्हैस उत्तमरावांकडे बघायची, उत्तमराव दळण आणायचे. कधी त्यांनाही काही सांगायचं असलं तर तेही म्हशीपाशी जाऊन बोलत. "पण वकीलबाई, म्हशीला तरी कितीक सांगावं?" ते मला म्हणाले, आणि त्यांचा टोस्ट त्या दिवशी तसाच राहिला.

मी म्हटलं, "अहो, मग एवढं आहे तर डबा सुरू करा ना पुन्हा."

"न्हाई," ते म्हणाले. "ते होत न्हाई."

का होत नाही, ते सांगेनात. जे खायचं ते दिसलं पाहिजे म्हणणारा हा माणूस तिथे मात्र गप्प बसायचा. मला वाटायचं, म्हातारपणी जिभेला चटक लागली, दुसरं काय.

गावात मात्र बोभाटा वाढत गेला. उत्तमराव रोज अंबडला पाव खातात, म्हणजे घरी काहीतरी धड नाही. कौसाबाईचा हात बिघडला असं एकजण म्हणालं, दुसऱ्याने सांगितलं की ती रागाने कच्ची भाकर घालते. बातमी फिरत फिरत लेकीच्या सासरी पिंपळगाव रेणुकाईला पोचली, आणि एक दिवस लेकीच्या सासूने लेकीला जेवताना विचारलं, "तुह्या मायला भाकर येत न्हाई म्हणं? मंग तुला कोन शिकविली?" लेक रडत फोनवर आईशी बोलली. दुसऱ्या दिवशी सातच्या बसने उत्तमरावांच्या मागच्या सीटवर कौसाबाई बसल्या होत्या. एका शब्दानेही न बोलता त्या अंबडपर्यंत आल्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. उंच, काटक बाई, नऊवारी लुगडं, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना पांढरट डाग. त्या थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. उत्तमराव दोन हातांच्या अंतरावर बसलेले असताना त्या मला म्हणाल्या, "तुमी वकील हाय ना? मंग ह्या टायपिस्टाला सांगा. मला शपथपत्र पाह्यजे. माह्या भाकरीत दोष न्हाई म्हणून. पक्कं, त्यांच्या सहीचं. ते म्या लेकीच्या सासूला धाडणार हाय."

म्हणजे म्हशीची जागा आता माझ्याकडे आली होती. मी उत्तमरावांकडे वळून म्हटलं, "त्या म्हणतात..." "ऐकलं म्या," उत्तमराव म्हणाले. त्यांनी स्टॅम्प पेपर काढला, फुंकर मारली आणि मशीनमध्ये चढवला. भोवती पाच-सहा पक्षकार जमले. गफूरभाई चहा उतू जाऊ देऊन आले.

पहिला परिच्छेद सटासट झाला. भाकरीत कोणताही दोष नाही, पूर्वी नव्हता व आजही नाही. उत्तमराव कागद काढू लागले तसं कौसाबाईंनी मला सांगितलं, "थांबवा त्यांला. कारण लिवा म्हणावं. भाकर चांगली हाय तं डबलरोटी काहून खाता? कारण न्हाई लिवलं तं लोक म्हणतील धाकानं लिवून घेतलं." मुद्दा बिनतोड होता. मी आणखी दहा वर्षं वकिली करूनही तो मला सुचला नसता.

उत्तमरावांनी बोटं मशीनवर ठेवली आणि तशीच राहू दिली. मी त्यांना मदत करायला गेले. म्हटलं, "लिहा ना, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला विहिरीचा थेंब आठवला. "वकीलबाई, सत्यप्रतिज्ञेवर?" ते म्हणाले.

गफूरभाई म्हणाले, "अरे भाई, पसंद है, बस! आवडते म्हणून लिवा."

"आवडत न्हाई," उत्तमराव म्हणाले. "मला डबलरोटी बिलकुल आवडत न्हाई. घशाला चिकटून बसती. लई भाजी लावावी लागती तवा कुठं खाली उतरती."

चार वर्षं रोज दोन वाजता तोच टोस्ट करणारा, आम्हाला त्याचे नियम शिकवणारा माणूस हे बोलत होता. गफूरभाईंना तर ते फारच लागलं. ते गाड्याकडे निघून गेले, पण शेगडीपाशी उभे राहून कान इकडेच ठेवले.

मग उत्तमरावांनी एकेक अक्षर दाबायला सुरुवात केली. एवढं सावकाश टाइप करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. संपल्यावर त्यांनी कागद काढला, तोंडापुढे धरला, घसा साफ केला, पुन्हा साफ केला. वाचून दाखवण्याचा नियम त्यांचाच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो दुसऱ्याकडून पाळून घेतला. "तुमी वाचा," ते मला म्हणाले.

मी वाचलं. तो कागद मला पाठ आहे.

"एक. सदर पत्नीच्या भाकरीत कोणताही दोष नाही, पूर्वी नव्हता व आजही नाही. दोन. सातच्या बसकरिता भाकर करणेसाठी सदर पत्नी पहाटे चार वाजता उठत असे व त्यानंतर दिवसभर शेतात काम करीत असे. तीन. चार वर्षांपूर्वी एके दिवशी भाकर थापताना सदर पत्नीस चुलीपुढे झोप लागली व तिचा हात तव्याला टेकून भाजला. तो मी पाहिला. चार. शिळी भाकर डब्यात देणे सदर पत्नीस मान्य नाही व उठू नको म्हणून सांगितले असता ती ऐकणार नाही. सबब मला टोस्ट आवडतो असे भासवून मी डबा बंद केला. पाच. हे मी तिला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर ती पुन्हा चारला उठली असती."

कौसाबाई मनगटावरच्या डागाकडे बघत होत्या. मग त्या, मधे म्हैस नाही की वकील नाही, सरळ नवऱ्याला म्हणाल्या, "म्या चारलाच उठते."

"आँ?"

"जाग येती मला चारला. इतक्या सालाची सवय हाय ती, जाती का? तुमी डबा नगं म्हणले तवापासून आढ्याकडं बघत पडून राह्यते. उठून काय करू, भाकर तं करायची न्हाई. मनात म्हणते, ह्यांला माह्या हातचं नगं झालं."

उत्तमरावांनी चष्मा काढला. "म्या बी जागाच असतो," ते म्हणाले. "तू उठू नये म्हणून हालत न्हाई. कूस बी बदलत न्हाई. लई अंग दुखतंय मंग दिवसभर."

चार वर्षं ही दोन माणसं रोज पहाटे चारपासून एकमेकांची झोप मोडू नये म्हणून शेजारी शेजारी टक्क जागी पडून राहिली होती. गाड्यापाशी गफूरभाई आधी हसले. मग आम्ही सगळे हसलो, कौसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मीही पुसले. उत्तमराव तेवढे गंभीर होते. "सही करायची राह्यली," ते म्हणाले.

शपथपत्रावर सही करणाऱ्याला वकिलाने ओळखावं लागतं. त्या कागदाच्या तळाशी मी "शपथकर्त्यास मी ओळखते" असं लिहिलं आणि सही करताना मला लाज वाटली. इतकी वर्षं मी रोज त्यांच्या हातचं खात होते, आणि मी त्यांना ओळखत नव्हते.

दोन वाजले होते. उत्तमरावांनी कौसाबाईंसाठी टोस्ट केला. थंडीचे दिवस होते, बोर्डावर हिरवा हरभरा होता. त्यांनी दाणे परतले, समास सोडला, मीठ भुरभुरलं आणि दोन्ही हातांनी ताटली पुढे केली. सगळी शेड बघत होती. कौसाबाईंनी समासावर बोट ठेवून टोस्ट बरोबर उचलला, एक घास घेतला आणि सावकाश चावला. मग थांबल्या. भाजी बाजूला सारून त्यांनी खालचा थर बोटावर घेतला.

"ही माही चटणी हाय," त्या म्हणाल्या.

"हाव," उत्तमराव म्हणाले.

"म्हणून बरणी जल्दी जल्दी रिकामी होऊन राह्यली. आन म्या मांजरावर आळ घेतला." त्यांनी आणखी एक घास घेतला. "मीठ कमी हाय. बाकी बरं हाय."

तो कागद त्यांनी लेकीच्या सासूला पाठवला नाही. चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "हे घरातलं हाय. लोकाला काहून दाखवायचं? दुसरं लिवा." उत्तमरावांनी दुसरं लिहिलं. त्यात पहिला परिच्छेद तसाच होता, आणि खाली, "टोस्ट खाण्याचे कारण घरगुती असून त्याचा खुलासा करता येत नाही." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते पिंपळगाव रेणुकाईला गेलं, आणि विहीणबाईंनी म्हणे ते देवघरात ठेवलं, कारण स्टॅम्प पेपरवरची गोष्ट खोटी कशी असेल.

त्यानंतर उत्तमरावांचं कोर्टात येणं फार दिवस टिकलं नाही. डोळे अधू झाले, मशीनची फीत मिळेनाशी झाली. एका संध्याकाळी त्यांनी मशीन पोत्यात बांधलं, मला माझी सुरी परत दिली आणि बसमध्ये बसले. गफूरभाईंची डावी शेगडी दोन ते अडीच अजून रिकामी असते. तिच्यावर ते काही ठेवत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात तीर्थपुरीकडे एका जागेच्या पाहणीला सकाळीच जायचं होतं. वाटेत त्यांच्या गावात गाडी वळवली. आठ वाजून गेले होते. उत्तमराव ओट्यावर उन्हात बसले होते. पुढे छोटी शेगडी, तिच्यावर तवा. मी मोठ्याने हाक मारणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ते कुजबुजले. "निजलीय."

"अजून?"

"अजून!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की माझ्या कुठल्याही पक्षकाराचा जिंकल्यावर फुलला नसेल. "कागदानंतर बी वरीसभर चारलाच उठायची. आता कुठं सवय मोडली. टोस्ट लागतो आता तिला, रोज. म्या करतो." त्यांच्या मांडीआड एक ताट होतं. त्यात रात्रीची भाकर होती आणि ते ती कांद्याबरोबर खात होते. माझी नजर गेलेली बघून ते म्हणाले, "शिळी हाय. ती उठायच्या आत संपवावी लागती. सांगू नका."

मागच्या खोलीतल्या फळीवर पावाच्या पुड्यांची चळत दिसत होती. एवढा पाव कुठून, हे विचारावं लागलं नाही, कारण तेवढ्यात शेजारची म्हातारी हातात एक पुडा घेऊन काठी टेकत आली आणि दारातून आत डोकावली.

"उत्तमा, कसं हाय रे कौसाचं? आठ वाजले, आजून उठली न्हाई. काय झालंय तिला?"

"काय झालं न्हाई मावशी," उत्तमराव म्हणाले. "झोपलीय."

म्हातारीने माझ्याकडे दुःखाने पाहिलं, पुडा ओट्यावर ठेवला आणि मान हलवत निघून गेली. उत्तमरावांनी पुडा उघडला, एक जाड तुकडा कापून तव्यावर ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. आत बाज करकरली. ते तसेच थांबले, मेथीची काडी हातात, डोळे दाराकडे. थोड्या वेळाने आतून पुन्हा संथ घोरणं सुरू झालं. मग त्यांनी तव्याचा बिलकुल आवाज होऊ न देता, बोटांनीच, डबलरोटी उलटली.